जुना कॅसेटवाला टीव्ही गेम हातात धरून खेळता येईल असा करायचाय : बोर्ड तोच, कॅसेट तीच, टीव्ही नाही

केळीबाग (जळगाव)

मंडळी, नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे टीव्ही गेम आले, समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर, ते सगळे निंटेंडोच्या फॅमिकॉमचे भाऊबंद. फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ ला बाजारात आला. आपल्याकडे आला तो त्याच्या नकलेच्या रूपात, पण नक्कल इतकी जवळची की कॅसेटच्या ६० पिनासुद्धा त्याच. ते डबे आजही माळ्यावर, गोदामात, भंगारात सापडतात. अडाप्टर गेलेला असतो, रिमोटची वायर उंदरांनी कुरतडलेली असते, पण आतला बोर्ड सहसा जिवंत असतो. अशा बोर्डाला स्क्रीन, बॅटरी आणि स्पीकर जोडून हातात धरून खेळता येईल असा गेम करता येतो. मी एक केलाय, दुसरा टेबलावर उघडा आहे. तपशील इथे मांडतो, म्हणजे ज्याला करायचाय त्याला आधार मिळेल.

आधी डबा उघडून बोर्ड कोणता आहे ते बघा. दोन प्रकार असतात. जुन्या प्रकारात मोठ्या काळ्या आयसी वेगवेगळ्या दिसतात. एक यूए ६५२७ पी, तो प्रोसेसर. एक यूए ६५३८, तो चित्र काढणारा. शेजारी ६११६ नंबरच्या दोन मेमरी, प्रत्येकी फक्त २ किलोबाइट. एक प्रोसेसरची, एक चित्राची. एवढ्यात अख्खा मारिओ चालतो, आणि १९८५ चा तो मारिओ स्वतः ४० किलोबाइटचा. आज फोनवर आलेला गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतो. नंतरच्या, स्वस्त डब्यांत हे सगळं एकाच चिपमध्ये कोंबलेलं असतं आणि तिच्यावर काळ्या डांबरासारखा थेंब असतो. पोर्टेबलसाठी हा थेंबवाला बोर्ड बरा, आकार लहान आणि वीज कमी. जुना बोर्ड मिळाला तर मात्र तो कापू नका, तुकडे करू नका. तसा बोर्ड आता नव्याने कोणी बनवत नाही.

आता मुख्य गोष्ट. हे काम करायला घेतलेले बहुतेक जण आधी डबा बनवतात, छान कापतात, रंगवतात, आणि मग आत बॅटरी मावत नाही. क्रम उलटा पाहिजे. वीज, मग चित्र, मग आवाज, मग बटणं, आणि डबा सगळ्यात शेवटी. सगळा गेम टेबलावर वायरींच्या जंजाळात तासभर न अडखळता चालला पाहिजे, तोवर डब्याचा विचारसुद्धा करू नये.

वीज. जुन्या डब्यात ९ किंवा १० व्होल्टचा अडाप्टर लागायचा आणि आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर त्याचे ५ व्होल्ट करायचा. वरचे व्होल्ट तो नुसते उष्णतेत घालवतो. ९ व्होल्टवर ४०० मिलीअँपिअर ओढले तर (९ वजा ५) गुणिले ०.४ म्हणजे १.६ वॅट निव्वळ गरम होण्यात जातात. टीव्हीजवळ बसून खेळताना ते चालून जायचं, बॅटरीवर परवडत नाही. म्हणून ७८०५ काढून टाका. १८६५० आकाराचा एक लिथियम सेल घ्या. तो नावाला ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२ आणि रिकामा होताना ३ च्या आसपास. त्याच्यापुढे एमटी ३६०८ हा व्होल्टेज चढवणारा छोटा मॉड्यूल लावा आणि तिथून थेट बोर्डाला ५ व्होल्ट द्या. मॉड्यूलवर पितळी स्क्रूचा पोटेन्शिओमीटर असतो. बोर्ड जोडायच्या आधी मीटर लावून, स्क्रू फिरवून बरोबर ५ वर आणा. हा मॉड्यूल २८ व्होल्टपर्यंत चढू शकतो. न बघता जोडला तर तीस वर्षं जपलेला बोर्ड एका सेकंदात जाईल.

चार्जिंगला टीपी ४०५६ चा मॉड्यूल, पण संरक्षणवालाच घ्या. त्यावर एकाऐवजी तीन आयसी दिसतात. बाकीचे दोन सेल अति रिकामा होऊ देत नाहीत आणि शॉर्ट झाला तर तोडतात. किंमत पन्नास रुपयांच्या आत आहे, इथे वाचवू नका.

चित्र. गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याबरोबर येणारी ४.३ इंची स्क्रीन उत्तम. गाड्यांची सजावट करणाऱ्या दुकानात मिळते, मी गोलाणी मार्केटातून घेतली. तिला पिवळी आरसीए पिन असते, म्हणजे साधं कॉम्पोझिट व्हिडिओ. जुन्या डब्यात चित्र पत्र्याच्या छोट्या डबीतून अँटेनाच्या वायरीने बाहेर पडायचं, म्हणून तर टीव्हीवर चॅनेल जुळवत बसावं लागायचं. त्या डबीच्या आत जाण्याआधी जो सिग्नल असतो तोच कॉम्पोझिट. तिथून घ्या, डबी काढून टाका. काही बोर्डांवर हा सिग्नल कमजोर असतो आणि चित्र काळपट येतं. तेव्हा मध्ये एक पीएनपी ट्रान्झिस्टर एमिटर फॉलोअर म्हणून, म्हणजे सिग्नलला ताकद द्यायला, लावला की काम होतं.

स्क्रीन १२ व्होल्टची असते ही अडचण. उघडून बघितलं तर आत तिचाही स्वतःचा रेग्युलेटर असतो. तो १२ चे किती करतो ते मीटरने मोजा. ५ करत असेल आणि बॅकलाइटही त्याच ५ वर चालत असेल, तर रेग्युलेटर वगळून थेट ५ द्या. बॅकलाइट वेगळा १२ वर असेल तर दुसरा एमटी ३६०८ लावून १२ करा. माझी पहिल्या प्रकारची निघाली.

सगळं मिळून माझ्या मीटरवर ५ व्होल्टला साधारण ५५० मिलीअँपिअर दिसतात, म्हणजे पावणेतीन वॅट. चढवणाऱ्या मॉड्यूलचा तोटा धरला की सव्वातीन. २६०० मिलीअँपिअर-तासांच्या एका सेलमध्ये साडेनऊ वॅट-तास असतात, म्हणजे तीन तासांच्या आत-बाहेर. लोडशेडिंगची एक पाळी निघते.

आवाज आणि बटणांचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. प्रश्न विचारा.

गिरणाकाठ

वा. वाचखूण साठवली. कॉन्ट्रा चालतो ना यावर? बाकी काही नको.

केळीबाग (जळगाव)

कॅसेट असेल तर चालणारच. कॅसेट लावायची खाच मागच्या बाजूला ठेवली आहे, कॅसेट अर्धी बाहेर दिसते.

पांझरा (धुळे)

भो, मना घर बी असा एक डबा पडेल शे. कितला खर्च येस, तेवढं सांगा.

आणि एक शंका. माझ्या डब्याला अडाप्टर लावला की लाल लाइट लागतो पण टीव्हीवर नुसता करडा पडदा. आग्रा रोडला एका दुकानात दाखवला, ते म्हणाले बोर्ड गेला, टाकून द्या. खरंच गेला असेल का?

केळीबाग (जळगाव)

पांझराभाऊ, सेल, दोन-तीन मॉड्यूल, स्क्रीन, स्पीकर, वायरी धरून माझे दीड हजाराच्या आत बसले. बोर्ड घरचा होता. सर्वांत महाग स्क्रीनच.

करडा किंवा एकरंगी पडदा म्हणजे चित्र काढणारी आयसी जिवंत आहे, प्रोसेसरला कॅसेटमधून काही वाचता येत नाहीये. बोर्ड गेला असं कोणी म्हणालं तरी लगेच मानू नका. आधी कॅसेटचे सोनेरी दात आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा. फार काळे पडले असतील तर आधी मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने. मग तेच अल्कोहोल जाड कागदाच्या पट्टीला लावून ती पट्टी खाचेत वर-खाली करा. आपण सगळ्यांनी लहानपणी फुंकर मारली, पण फुंकरीतल्या ओलाव्याने दात उलट गंजतात. तेव्हा चालायचं ते कॅसेट काढून परत बसवल्यामुळे. एवढं करून पडदा करडाच राहिला तर खाचेच्या पिनांचे बोर्डावरचे जोड भिंगातून बघा. कॅसेट वर्षानुवर्षं रेटून बसवल्याने तिथले सोल्डर तडकतात. प्रत्येक जोडावर थोडा फ्लक्स लावून गरम आयर्न टेकवा.

पांझरा (धुळे)

चालू झाला भो!! खाचेतून काय काय निघालं, झुरळाचे पंखसुद्धा. कॅसेट ६४ गेमवाली आहे, सर्कस चार्ली लागला आणि पोरं हटायला तयार नाहीत. आता टीव्हीवरून काढून हातात द्यायचाच.

सातपुडा_पायथा

अभिनंदन दोघांचं. पण एक मूलभूत प्रश्न विचारतो, राग मानू नका. एवढा खटाटोप जुन्या बोर्डावर कशाला? रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा कॉम्प्युटर घ्या. २०२१ साली आलाय, चार कोअर, ५१२ एमबी मेमरी, आकाराने च्युइंगगमच्या पाकिटाएवढा. त्यात रेट्रोपाय हे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं की फॅमिकॉमच काय, सेगा, गेमबॉय सगळं एकाच डब्यात. त्यालाही कॉम्पोझिट टीव्ही आउटचे पॅड आहेत, म्हणजे तुमचीच स्क्रीन चालेल. वजन कमी, कॅसेटची भानगड नाही. मी असा एक केलाय आणि शहाद्याहून पुण्याला जाताना बसमध्ये मस्त वेळ जातो.

केळीबाग (जळगाव)

राग कसला, रास्त प्रश्न आहे. ज्याला फक्त खेळायचंय त्याने पायच घ्यावा. मी बोर्डाचा आग्रह तीन कारणांनी धरतो.

बटण दाबलं की गेम सुरू, बटण दाबलं की बंद. पाय चालू व्हायला वेळ घेतो आणि नीट बंद न करता वीज तोडली तर मेमरी कार्डावरची फाइल बिघडू शकते. लहान मूल नीट शटडाऊन करणार नाही, ते बटण दाबून पळणार.

दुसरं, वेग. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र. जपान-अमेरिकेत ६०. फॅमिकॉमचे गेम चित्राच्या तालावर चालतात, म्हणून आपल्या डब्यात मारिओ सहाव्या हिश्श्याने सावकाश धावायचा आणि गाणंही तेवढंच सावकाश वाजायचं. पण आपल्या बोर्डांच्या प्रोसेसरचं घड्याळ जपानी घड्याळाच्या अगदी जवळ ठेवलेलं आहे, १.७७ मेगाहर्ट्झ, मूळ १.७९. त्यामुळे सुराची पट्टी जवळपास तीच राहिली, फक्त लय संथ. आपल्या हाताला त्या लयीची सवय आहे. एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पहिल्यांदा खेळलेला प्रत्येक जण म्हणतो की हा मारिओ घाई करतोय. तो बरोबरच म्हणतो.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं. पायमध्ये काय चाललंय ते उघडून दिसत नाही. या बोर्डावर प्रत्येक वायर बोट ठेवून दाखवता येते. ही प्रोसेसरची, ही मेमरीची, इथून चित्र निघतं, इथून आवाज. कॉम्प्युटर म्हणजे काय हे माझ्या पुतणीला मी या बोर्डावर दाखवलं, आणि तिला ते कळलं. माळ्यावर पडलेली ही वस्तू भंगारात किलोवर जाण्याआधी एकदा तरी कोणीतरी उघडून समजून घ्यावी, यासाठी हा धागा.

सातपुडा_पायथा

वेगाचा मुद्दा मान्य, मला हे ठाऊकच नव्हतं. पण त्यावर उपाय आहे. एफसीईयूएमएम या एम्युलेटरमध्ये रीजनच्या ठिकाणी डेंडी असा पर्याय असतो. रशियातही आपल्यासारखेच नकली फॅमिकॉम विकले गेले, त्यांचं नाव डेंडी, आणि त्यांचं वेळापत्रक आपल्या बोर्डांसारखंच. आता लावून बघितला. अगदी लहानपणचा वेग! संध्याकाळभर खेळत होतो.

तिसऱ्या कारणावर माझ्याकडे उत्तर नाही. नंदुरबारच्या बाजारात जुना डबा शोधतो.

जंक्शन_भुसावळ

बॅटरीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, मी याच कामात आहे. इथे बरेच जण हौशीने करतील म्हणून नीट वाचा.

लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, हे बनवणारेच सांगतात. वापरताना ६० पर्यंत चालतं, चार्जिंगला ४५. आता भुसावळच्या, जळगावच्या मे महिन्याचा विचार करा. सावलीतला पारा ४५ ला जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. त्यात टीपी ४०५६ स्वतः तापतो. तो रेखीय चार्जर आहे, ५ व्होल्ट घेऊन सेलला ३.७ देतो आणि मधला फरक १ अँपिअरवर सव्वा वॅटहून जास्त उष्णता होतो, तीही सेलला चिकटून असलेल्या बंद डब्यात. म्हणजे पुण्याच्या माणसाने केलेलं डिझाइन आपल्याकडे तसंच्या तसं चालत नाही.

उपाय सोपा आहे. त्या मॉड्यूलवर १.२ किलोओहमचा एक बारीक रेझिस्टर असतो, तो १ अँपिअर ठरवतो. तो बदलून २ किलोओहमचा लावा, करंट ५८० मिलीअँपिअरवर येतो. चार्ज व्हायला जवळपास पावणेदोनपट वेळ लागेल, पण उष्णता निम्म्याच्या जवळ. मॉड्यूल आणि सेल डब्याच्या दोन टोकांना ठेवा, मॉड्यूलच्या बाजूला भोकं पाडा. आणि उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री, दुपारी नाही.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून सेल काढून वापरायची पद्धत आहे. काढलेला सेल २.५ व्होल्टच्या खाली असेल तर तो मेला समजा. चार्ज होतोय म्हणून खूश होऊ नका, आत तांब्याचे कण साचलेले असू शकतात आणि तो आतून शॉर्ट होतो. प्लास्टिकचं वेष्टण फाटलेला, पोचा आलेला सेल हातातही ठेवू नका. दोन सेल समांतर जोडायचे असतील तर आधी दोघांचे व्होल्ट सारखे करा, नाहीतर भरलेला रिकाम्यात एकदम ओततो. आणि सेलवर थेट सोल्डर मारू नये. होल्डर घ्या किंवा टॅब आधीच लावलेला सेल घ्या.

केळीबाग (जळगाव)

जंक्शनदादा, हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर लावावा असा आहे. २ किलोओहमवाला बदल माझ्या दुसऱ्या डब्यात करतोय.

रावेरकर

डब्यासाठी काय वापरलं? थ्री-डी प्रिंटर आमच्याकडे नाही, जळगावला एकाने सांगितलेला भाव ऐकून परत आलो.

केळीबाग (जळगाव)

पीव्हीसी पाइप. जळगावात जैन इरिगेशनमुळे म्हणा, शेतीमुळे म्हणा, पाइपाचे तुकडे कुठेही पडलेले असतात. आपल्या शेतात तर नक्की असतील. ११० मिलिमीटरचा, म्हणजे चार इंची पाइप लांबीत एका रेषेत चिरायचा, गरम करून उलगडायचा आणि सपाट दाबायचा. परिघाचं गणित केलं तर ३४ सेंटिमीटर रुंदीची पाटी मिळते. एका हातभर तुकड्यात दोन डब्यांचं सामान निघतं.

पीव्हीसी ऐंशी अंशांच्या जवळपास नरम पडतं, म्हणून उकळतं पाणी पुरतं. मोठ्या परातीत तुकडा ठेवून उकळतं पाणी ओतायचं, जाड हातमोजे घालून उलगडायचा आणि लगेच दोन फरशांच्या मध्ये ठेवून वर वजन. थंड झाला की पाटी. कोपऱ्याची वळणंही तशीच, पाटीची कडा पाण्यात धरून लाकडी ठोकळ्यावर वाकवायची. गॅसच्या आचेवर धरू नका. पीव्हीसी करपलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, घशाला आणि डोळ्यांना वाईट. तुकडे जोडायला पाइपाचं सोल्युशनच, तो जोड पाटीइतकाच पक्का होतो. स्क्रीनची खिडकी कापायला हॅकसॉचं पातं आणि चपटी कानस. घाई न करता.

करडा रंग मला आवडतो, म्हणून रंगवला नाही.

रावेरकर

आमच्या केळीच्या मळ्यात ठिबकचं काम झालं तेव्हाचे तुकडे ढिगाने पडलेत. ही कल्पना डोक्यात आलीच नव्हती. आई विचारतेय परात कुठे नेली.

जंक्शन_भुसावळ

पीव्हीसीला एक पुरवणी. उन्हात उभ्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हा डबा विसरू नका. पाटी वाकेल, आणि आत सेल आहे.

खडूफळा (अमळनेर)

नमस्कार. मी शाळेत विज्ञान शिकवते. केळीबागदादांचं तिसरं कारण वाचून डबा आणवला आणि मुलांसमोर उघडला. बटणांबद्दल विचारायचं होतं. रिमोटवर आठ बटणं आहेत (चार दिशा, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट) पण वायरीत तारा पाचच. नववीच्या एका मुलीने मोजून विचारलं की आठ बटणं पाच तारांतून कशी जातात. मला उत्तर नीट देता आलं पाहिजे.

केळीबाग (जळगाव)

ताई, त्या मुलीने नेमकं मर्म पकडलंय. पाचांपैकी दोन तारा विजेच्या, ५ व्होल्ट आणि ग्राउंड. उरल्या तीन, लॅच, क्लॉक आणि डेटा. मूळ रिमोटमध्ये ४०२१ नावाची शिफ्ट रजिस्टर आयसी असते, आपल्या रिमोटमध्ये काळा थेंब तेच काम करतो.

वर्गात असं करून दाखवा. आठ मुलं ओळीत उभी करा, प्रत्येकाच्या हातात एक पाटी, पाटीवर बटण दाबलेलं की नाही. तुम्ही टाळी वाजवली की आठही जणांनी त्या क्षणाची स्थिती पाटीवर लिहून गोठवायची. ती टाळी म्हणजे लॅच. पहिलं मूल लगेच आपली पाटी वाचून दाखवतं. मग तुम्ही टेबलावर टकटक करायची, प्रत्येक टकटकीला ओळ एक पाऊल पुढे सरकते आणि नवं पहिलं मूल वाचतं. टकटक म्हणजे क्लॉक, वाचणं म्हणजे डेटा. क्रम ठरलेला आहे. ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. गेम हे सगळं साधारणपणे दर चित्राला एकदा विचारतो, म्हणजे आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा.

पोर्टेबलमध्ये रिमोटचा बोर्ड मधोमध कापून डावा-उजवा भाग स्क्रीनच्या दोन बाजूंना लावायचा. कापताना ज्या रेषा तुटतात त्या बारीक वायरीने परत जोडायच्या. काळा थेंब ज्या भागात आहे तो कापू नका. रबर तेच ठेवा, टिचकी बटणांपेक्षा बोटाला ते बरं वाटतं आणि आवाज करत नाही.

दिशांच्या त्या अधिक चिन्हासारख्या बटणामागचा माणूस म्हणजे निंटेंडोचे गुनपेई योकोई. १९८२ च्या हातातल्या डाँकी काँग गेमसाठी त्यांनी ते आणलं, आणि पुढे १९८९ चा गेमबॉयही त्यांच्याच तुकडीने केला. म्हणजे टीव्ही गेमच्या रिमोटवरचं बटण मुळात हातातल्या गेममधून आलंय. मुलांना आवडेल.

खडूफळा (अमळनेर)

पाट्यांचा खेळ केला. दोन टाळ्यांच्या मध्ये एकाने बटण दाबून सोडलं आणि ओळीला ते कळलंच नाही. त्यावरून वर्गात पुढचा अख्खा तास चर्चा झाली की गेममध्ये असं होत असेल का. खूप आभार.

पांझरा (धुळे)

मी खाच लांब नेली, वायरी जोडल्या, चित्र उत्तम, गेम चालतोय, पण आवाज शून्य. स्पीकर तपासला, मोबाइलला लावल्यावर वाजतो. अँप्लिफायर पॅम ८४०३. कुठे बघू?

केळीबाग (जळगाव)

४५ आणि ४६ नंबरच्या पिना बघा. फॅमिकॉममध्ये आवाज बोर्डातून थेट बाहेर पडत नाही. तो ४५ वरून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ वरून परत येतो. ज्या कॅसेटमध्ये स्वतःची आवाजाची चिप असायची तिला आपला आवाज मिसळता यावा म्हणून जपान्यांनी ही वाट ठेवली. साध्या कॅसेटमध्ये या दोन पिना नुसत्या जोडलेल्या असतात. तुमच्या जोडणीत त्यातली एक सुटली असेल तर गेम बिनधास्त चालेल आणि आवाज येणार नाही.

तरी नाही आला तर पॅम ८४०३ ची जोडणी तपासा. त्याच्या स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो, त्यातली एकही ग्राउंडला लागता कामा नये. मोबाइलला लावून स्पीकर तपासताना हे लक्षात येत नाही.

खाच लांबवायला जुन्या हार्ड डिस्कची चपटी रिबन वायर सोयीची, पण दहा सेंटिमीटरच्या आत ठेवा. लांब झाली की गेम मध्येच अडकतो.

पांझरा (धुळे)

४६ सुटली होती! आता मारिओची धून घरभर. पण स्क्रीनवर आडव्या बारीक रेषा सरकतात आणि स्पीकरात शिट्टी.

जंक्शन_भुसावळ

हे एमटी ३६०८ चं काम. तो सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊन व्होल्ट चढवतो, तो कंप वायरीत उतरतो. मॉड्यूलच्या बाहेर पडण्याच्या जागी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्या समांतर ०.१ चा सिरॅमिक लावा. ग्राउंडच्या वायरी एकीवरून दुसरीवर उड्या मारत नेऊ नका. बोर्ड, स्क्रीन, अँप्लिफायर, तिघांचं ग्राउंड वेगवेगळ्या वायरीने एकाच बिंदूला आणा. व्हिडिओची वायर मॉड्यूलच्या कॉइलवरून नेली असेल तर हलवा.

पांझरा (धुळे)

ग्राउंड एका जागी आणल्यावर शिट्टी गेली. कपॅसिटर लावला, रेषाही गेल्या. कान जवळ नेला तर किंचित गुणगुण आहे, तेवढी राहू दे.

गिरणाकाठ

डक हंटची बंदूक पण जोडता येईल का? पोर्टेबलवर बदकं मारायची इच्छा आहे.

केळीबाग (जळगाव)

जोडता येईल, लागणार नाही. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला त्याच क्षणी उजेड दिसला तर नेम बसला. काचेच्या जुन्या पिक्चर ट्यूबवर चौकोन त्याच क्षणी उजळतो. शिवाय बंदूक त्या ट्यूबच्या झगमगीच्या लयीवरच जुळवलेली असते. एलसीडी चित्र उशिरा दाखवते आणि तिच्या उजेडात ती लय नसते. बंदुकीसाठी घरात एक जुना टीव्ही राखून ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका.

रावेरकर

डबा झाला. दोन पाट्या, मध्ये स्क्रीन, मागे खाच. शेवटचा प्रश्न : चार्जिंगला लावून खेळलं तर चालेल का? लोडशेडिंग संपून वीज येते तेव्हा पोरगा नेमका शेवटच्या राक्षसापाशी असतो.

जंक्शन_भुसावळ

साध्या जोडणीत नको. सेल भरलाय हे टीपी ४०५६ करंट कमी झाल्यावरून ओळखतो. १ अँपिअरला लावलेला असेल तर १०० मिलीअँपिअरवर आला की थांबतो. तुमचा गेम त्याच वेळी त्याच्यातूनच हजारभर ओढत असेल तर तो आकडा कधी खाली येणारच नाही. चार्जर थांबणार नाही आणि सेल ४.२ वर टांगलेला राहील. त्यात आपला उन्हाळा.

दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे दोन बाजूंचा सरकता स्विच. एका बाजूला सेल चार्जरला, दुसऱ्या बाजूला गेमला, एका वेळी एकच. थोडी जास्त मेहनत करायची तयारी असेल तर एक पी-चॅनेल मॉसफेट (विजेवर चालणारा स्विच), एक शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि एक रेझिस्टर लावा. चार्जरची वायर जोडली की मॉसफेट सेलला गेमपासून तोडतो आणि गेम डायोडवाटे थेट चार्जरच्या ५ व्होल्टवर चालतो, सेल आपला निवांत भरत राहतो. वायर काढली की गेम परत सेलवर. यात चार्जरचा अडाप्टर मात्र २ अँपिअरचा घ्या, कारण तो दोन्ही कामं एकदम करणार.

जोडणीची आकृती कागदावर काढून उद्या इथे टाकतो.

रावेरकर

दुसरा मार्ग करतो. मॉसफेट भुसावळला मिळेल का जळगावला जावं लागेल?

जंक्शन_भुसावळ

विकत घेऊ नका. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीचा किंवा मदरबोर्डाचा बोर्ड असेल तर त्यावर आठ पायांच्या चपट्या आयसी दिसतील, त्यातल्या काही पी-चॅनेल मॉसफेटच असतात. नंबर इथे लिहा, कोणता चालेल ते सांगतो.